तोडलेलं अवतरण पुन्हा जोडायची कृती

या, बसा. टेबलावरचा पसारा जरा बाजूला सारा आणि फोन समोर ठेवा. युद्धातल्या अत्याचारांबद्दल एखादा मेसेज ग्रुपवर येतो. त्यात दोन-तीन ओळींचं अवतरण असतं आणि खाली लिहिलेलं असतं, "त्या काळच्या माणसानंच लिहून ठेवलंय, वाचा!" ते अवतरण कुठे कापलंय आणि कापल्यामुळे काय फिरलंय, हे आज आपण शोधणार आहोत. तुम्ही सुदुंबऱ्यातले असाल तर बरंच सोपं आहे. तुकोबांचे अभंग कागदावर उतरवणाऱ्या संताजी जगनाडे महाराजांची समाधी तुमच्या गावात आहे, तेव्हा दुसऱ्याचा शब्द अख्खा जपायचा असतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हे काम मनापासून करा, कारण ज्यांची घरं जळली त्यांच्याबद्दल पुष्कळदा कुणीतरी लिहिलेल्या चार ओळीच उरलेल्या असतात. त्यातल्या दोन कुणी उडवल्या तर त्या माणसांच्या बाजूनं बोलायला दुसरं कुणी नाही.

साहित्य: शंभर पानी वही, शिसपेन्सिल, लाल पेन, निळं पेन, पट्टी. दोन संध्याकाळी आणि पुण्याची एक फेरी लागेल. पायऱ्यांचा क्रम मोडू नका, प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीचा कागद लागतो.

सरावाला आपण बंगालवरच्या मराठी स्वाऱ्या घेऊ. 1742 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज दिवाण भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात उतरली. तिथले लोक या स्वारांना 'बर्गी' म्हणत. गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं यावर 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं आणि त्यातल्या ओळी आज दोन्ही बाजूंनी फिरतात. उदाहरण मुद्दामच आपल्या माणसांवर आरोप करणारं घेतलंय. दुसऱ्याच्या अवतरणातला काप पटकन दिसतो, सराव आपल्याच अवतरणावर करायला हवा.

१. मेसेज वहीत हातानं उतरवा. टिंबं, चुका, उद्गारचिन्हं, सगळं जसंच्या तसं. फोनवर डोळा पुढे पळतो, लिहिताना मात्र प्रत्येक शब्दापाशी थांबावं लागतं.
जपून: शुद्धलेखन सुधारू नका. एखादा स्वल्पविराम हललाय का, हे पुढे बघायचंय.

२. अवतरणचिन्हांच्या आतले शब्द लाल पेनानं अधोरेखित करा आणि बाहेरचे निळ्यानं. लाल म्हणजे साक्षीदार, निळा म्हणजे मेसेज लिहिणारा. आता पान जरा लांब धरून बघा. बहुतेक मेसेजांत निळंच जास्त दिसेल. "बघा किती क्रूर होते" किंवा "बघा किती दयाळू होते" हे साक्षीदाराचं बोलणं नसतं, ते निळ्यातलं असतं.
जपून: चिन्ह उघडलंय पण मिटलेलं नाही, असं दिसलं तर तिथे मोठं प्रश्नचिन्ह काढा. साक्षीदार कुठे थांबला हे तुम्हाला अजून कळलेलं नाही.

३. जोडाच्या जागांना पेन्सिलनं गोल करा. तीन टिंबं, चौकटी कंस, आणि 'पण', 'तरी', 'म्हणून' अशा शब्दानं सुरू होणारी वाक्यं. 'पण' च्या आधी काहीतरी होतं, ते कुठे गेलं?

हात बसावा म्हणून मी रचलेलं एक वाक्य घ्या: "फौज गावात शिरली, दोन दिवस लूट केली, तिसऱ्या दिवशी सरदारानं मनाई फिरवली, पण तोवर वीस माणसं मेली होती." आता मधल्या आणि शेवटच्या शब्दांवर पट्टी ठेवा. "फौज गावात शिरली… सरदारानं मनाई फिरवली." झाली शिस्तीची फौज! पट्टी हलवा. "फौज गावात शिरली, दोन दिवस लूट केली… वीस माणसं मेली होती." आता सरदारही गेला आणि त्याची मनाईही. दोन्ही वेळा एकही शब्द नवा घातलेला नाही.
जपून: टिंबं दिसली म्हणजे लबाडी सापडली असं समजू नका, प्रामाणिक लेखकही जागा वाचवतो. उलट सगळ्यात वाईट काप पूर्णविरामावर असतो आणि तिथे टिंबं नसतातच.

४. प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधून त्याच्यावर बाण काढा. "गाव जाळलं गेलं." कुणी जाळलं? "माणसं मारली गेली." कुणी मारली?

सुदुंबऱ्याच्या शेजारचंच उदाहरण घ्या. जानेवारी 1779 मध्ये इंग्रजांची फौज बोरघाट चढून कार्ल्यावरून तळेगावापर्यंत आली आणि त्याच सुमारास तळेगाव जळालं. एवढीच दोन वाक्यं शेजारी ठेवली तर वाचणाऱ्याच्या मनात मशाल इंग्रजांच्या हातात जाते. प्रत्यक्षात गाव मराठ्यांनीच पेटवलं होतं, शत्रूला दाणागोटा मिळू नये म्हणून. त्यानंतर काही दिवसांतच इंग्रजांना वडगावला तह करावा लागला. विजयाची गोष्ट सांगताना तळेगावकरांच्या जळालेल्या घरांचं वाक्य गाळणारेही भेटतात, तेही याच पायरीवर सापडतात.
जपून: कर्ता सापडला नाही तर बाण मोकळा सोडा. आपल्या मनातला कर्ता तिथे बसवू नका.

५. एकवचनांना आणि अनेकवचनांना वेगळी खूण करा. एक गाव की सगळी गावं? एक टोळी की सगळी फौज? एक गाडी की सगळ्या गाड्या?

या पायरीचं महत्त्व बघायला जरा लांब जाऊ. 30 नोव्हेंबर 1941 रोजी नाझी नेता हाइनरिश हिमलर यानं फोनवर बोलताना एक टिपण केलं. बर्लिनहून निघालेल्या ज्यूंच्या एका गाडीतल्या लोकांना मारू नये, असं ते होतं. डेव्हिड अर्विंग या ब्रिटिश लेखकानं त्यावरून असं मांडलं की ज्यूंना ठार मारू नये असा हिटलरचाच हुकूम होता. एका गाडीबद्दलचं टिपण सगळ्या ज्यूंबद्दलचं झालं. त्या गाडीतली सुमारे हजार माणसं तर त्याच सकाळी रीगाजवळ गोळ्या घालून मारली गेली होती. डेबोरा लिपस्टाट या अभ्यासक बाईंनी अर्विंगला खोटं पाडलं, म्हणून त्यानं लंडनच्या न्यायालयात त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. तेव्हा रिचर्ड इव्हान्स हे इतिहासकार आणि त्यांचे मदतनीस अर्विंगच्या तळटीपा एकेक करून मूळ कागदांशी ताडून बघत बसले. 2000 साली न्यायमूर्ती ग्रे यांनी निकाल दिला की अर्विंगनं पुरावा जाणूनबुजून वाकवला होता. तुम्ही आत्ता पेन्सिल घेऊन जे करताय, तेच त्यांनी केलं.
जपून: 'मराठे', 'इंग्रज', 'मुसलमान', 'हिंदू' असे शब्द अनेकवचनापेक्षाही मोठे असतात. बंगालच्या मेसेजात 'मराठ्यांनी' असं असेल तर कोणत्या मराठ्यांनी ते समासात लिहा. 1743 मध्ये पेशवे बाळाजी बाजीराव स्वतः बंगालात गेले होते, ते रघूजींना तिथून हाकलायला, नवाब अलिवर्दीखानाशी हात मिळवून.

६. पुस्तकाचं नाव, आवृत्ती आणि पान क्रमांक मेसेज पाठवणाऱ्याला विचारा. गोड शब्दांत, ग्रुपवर नव्हे, खासगीत. "दादा, छान माहिती आहे, मला पूर्ण वाचायचंय, कुठल्या पुस्तकात आहे?" एवढं पुरे.
जपून: "गूगल करा" असं उत्तर आलं तर चिडू नका. त्यालाही तो मेसेज कुणीतरी पाठवलेलाच आहे.

७. आवृत्ती कोणती, हे समासात लिहा. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांत दोन वेगळे साक्षीदार भेटू शकतात. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' घ्या. 1858 मध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोजच्या फौजेनं झाशी जिंकल्यावर शहरात जी कत्तल आणि लूट झाली, ती या माणसानं तिथे राहून पाहिली. पुस्तक पहिल्यांदा 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी छापलं, पण भाषा बदलून आणि काही मजकूर गाळून. हस्तलिखितावरून मूळ पाठ छापला तो दत्तो वामन पोतदारांनी, 1966 साली. म्हणजे इंग्रजी राज्य असताना एक पुस्तक आणि ते गेल्यावर दुसरं. कुणी गोडसे भटजींचा दाखला दिला, तर तो दोन्हींपैकी कोणत्या पुस्तकातला आहे हे विचारल्याशिवाय पुढे सरकू नका.

८. साक्षीदार त्या दिवशी त्या जागी होता का, ते लिहा. नुसतं 'पाहिलं' किंवा 'ऐकलं'. गोडसे भटजींनी 1858 ची झाशी पाहिली. आदल्या वर्षी, जून 1857 मध्ये, झाशीच्या जोखनबागेत इंग्रज पुरुष, बायका आणि मुलं मारली गेली. तेव्हा ते झाशीत नव्हते, त्याबद्दल त्यांनी लिहिलंय ते ऐकीव. एकच पुस्तक, एकच शहर, तरी एका प्रसंगापुढे 'पाहिलं' येईल आणि दुसऱ्यापुढे 'ऐकलं'.
जपून: ऐकीव म्हणजे खोटं नव्हे. त्याला दुसरा आधार लागतो, इतकंच.

९. अख्खं पुस्तक मिळवा. फोनवरचा एका पानाचा फोटो चालणार नाही. जुनी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर पुष्कळदा सापडतात. नाही सापडलं तर तळेगावहून लोकल धरा, शिवाजीनगरला उतरा आणि सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जा. काउंटरवरच्या माणसाला तुमची वही दाखवा, असं वाचायला आलेला माणूस त्यांना आवडतो.
जपून: जाण्याआधी ग्रंथालयाची वेळ आणि सुटीचा वार विचारून घ्या. पुण्याला जाऊन दारावरून परत येणं फार जिवावर येतं.

१०. पुस्तकात ती ओळ शोधा आणि तिथे कागदाची पट्टी ठेवा. अजून वाचू नका, फक्त जागा धरून ठेवा.

११. आता प्रकरणाच्या पहिल्या ओळीपासून वाचायला लागा आणि प्रकरण संपेपर्यंत थांबू नका. आपल्या सगळ्या कामाचा जीव या पायरीत आहे, तेव्हा चहा आधीच घेऊन बसा.

'महाराष्ट्र पुराण' फार लांब नाही. सापडलेल्या पोथीवर बंगाली सन 1158 आहे, म्हणजे इसवी सन 1751. एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांचं इंग्रजी भाषांतर 1965 साली छापलं गेलं, ते एका बैठकीत वाचून होतं. सुरुवातीला पृथ्वी पापाच्या भारानं वाकलेली आहे. गाऱ्हाणं देवांपर्यंत जातं, शंकर नंदीला साताऱ्याच्या शाहू महाराजांकडे पाठवतात आणि त्यातून फौज बंगालकडे निघते. आपल्याकडचा मेसेज बरोब्बर इथे कापलेला असतो: बघा, बंगाली कवीच म्हणतो, मराठ्यांना देवानं पाठवलं!

पान उलटा. आता गंगाराम गावांची नावं घ्यायला लागतो, एकामागून एक, जाळलेली गावं. पळणाऱ्या लोकांची रांग येते, त्यात पोथ्या घेतलेले ब्राह्मण आहेत, तराजू घेतलेले सोनार आहेत, चालता न येणाऱ्या गरोदर बायका आहेत. मग स्वार त्यांना गाठतात. हात तोडतात, नाक-कान कापतात, बायकांवर अत्याचार करतात, पैशासाठी माणसांना पाण्यात बुडवतात. दुसरा मेसेज, बंगालकडून येणारा, बरोब्बर एवढाच तुकडा उचलतो.

आणखी वाचा. भास्करराम दुर्गापूजा मांडतात. पण ब्राह्मण-वैष्णवांना मारल्यामुळे देवी त्यांच्यावर कोपते आणि कौल फिरवते. शेवटी अलिवर्दीखान त्यांना बोलणी करायला बोलावतो आणि भेटीतच दगा करून मारतो. हा शेवट पहिल्या मेसेजात नसतो, कारण त्यात देवी उलटलेली आहे. दुसऱ्यातही नसतो, कारण त्यात नवाबाचा दगा आहे. ज्यानं पापाची गोष्ट सांगून फौज आणली, त्याच कवीनं त्या फौजेचं पाप मोजलं. दोन्ही मेसेज पाठवणाऱ्यांनी त्याचा अर्धा अर्धा माणूस उचलून नेला.
जपून: मधल्या पानांवर पोटात कालवलं तर पुस्तक मिटून थोडं थांबा, पण ती पानं गाळून पुढे जाऊ नका. मेसेज बनवणाऱ्यानंही तेच केलं होतं.

१२. अवतरणाच्या आधीच्या चार आणि नंतरच्या चार ओळी वहीत उतरवा. मूळ लाल शब्द मधोमध येतील अशा बेतानं. चार कमी पडल्या तर आठ घ्या, अर्थ पुरा होईपर्यंत घेत राहा.

१३. दुसरा साक्षीदार उभा करा. पहिल्याशी त्याची ओळख नसलेला आणि जमलं तर दुसऱ्या भाषेतला. बंगालच्या बाबतीत असे भेटतात. बर्दवानच्या राजाकडचे पंडित बाणेश्वर विद्यालंकार यांनी 'चित्रचंपू' या संस्कृत ग्रंथात शाहूंच्या स्वारांच्या निर्दयपणाबद्दल लिहिलं. सलीमुल्लाच्या फारसी तवारिखेत त्याच स्वाऱ्या आहेत. आणि कलकत्त्यात लोकांनी बर्ग्यांच्या भीतीनं खणायला घेतलेला 'मराठा खंदक' तर कवितेतला नव्हता, जमिनीतला होता. बंगाली कवी, संस्कृत पंडित, फारसी बखरकार. तिघांनी मिळून आपल्याविरुद्ध कट केला असेल, असं म्हणायला मोठं धाडस लागेल.
जपून: पाच पुस्तकांनी एकाच गंगारामाचा दाखला दिला असेल तर ते पाच साक्षीदार नव्हेत. तो एकच.

१४. मेसेजातल्या आकड्यापुढे 'मोजला' की 'अंदाज' ते लिहा. बंगालात चार लाख माणसं मेली असं फिरतं. त्याच्या मागे जाल तर त्या काळच्या डच व्यापाऱ्यांच्या अंदाजापाशी पोचाल. तेव्हा गावोगावी खानेसुमारी करत कुणी हिंडत नव्हतं.
जपून: आकडा अंदाजाचा निघाला म्हणून माणसं मेलीच नाहीत, असं होत नाही.

१५. वहीचं नवं पान घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहा, अवतरण प्रामाणिक आहे का? उजवीकडे लिहा, घटना घडली का? दोन्ही उत्तरं वेगवेगळी भरा. शंभरातले नव्वद लोक इथे घसरतात, म्हणून मी तुमच्या शेजारी उभा राहून बजावतोय. मेसेजातला काप पकडला की माणसाला वाटतं, चला, आरोपच खोटा निघाला. नाही! बंगालच्या पानावर डावीकडे 'नाही, दोन्ही मेसेज कापलेले' येईल आणि उजवीकडे 'होय, अत्याचार झाले, एकाहून जास्त साक्षीदार आहेत' येईल. झाशीच्या पानावर दोन ओळी लागतील, एक 1857 ची आणि एक 1858 ची, आणि त्यातली कुठलीही एक दुसरीला पुसायला वापरायची नाही. जोखनबागेतली मुलं दाखवून झाशीतली कत्तल झाकता येत नाही. झाशीची कत्तल दाखवून ती मुलंही झाकता येत नाहीत.
जपून: उजवा रकाना भरताना 'पण त्यांनीही…' असं लेखणीतून आलं तर तेवढं खोडा. 'त्यांचं' पान वेगळं, ते उद्या घ्या.

१६. बाराव्या पायरीतला उतारा फोनवर टाइप करा. वर पुस्तकाचं नाव, आवृत्ती, पान. खाली तुमचं एकच वाक्य: "या आधीच्या आणि नंतरच्या ओळी, सगळ्यांनी वाचाव्यात म्हणून." पुस्तकाच्या शीर्षकपानाचा फोटो जोडा.
जपून: "तुम्ही खोटं पसरवता" हे वाक्य टाइप झालं असेल तर मिटवा. ते वाक्य दिसलं की लोक उतारा वाचत नाहीत, भांडण वाचतात.

१७. ज्यानं मेसेज पाठवला होता त्याला आधी हे खासगीत पाठवा. त्याला स्वतः दुरुस्ती टाकायची असेल तर एक दिवस द्या. गावात रोज तोंड बघायचं असतं, आणि त्यानं स्वतः टाकलेली दुरुस्ती तुमच्यापेक्षा जास्त लोक वाचतील.

१८. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाका. त्यानं टाकलं असेल तर फक्त त्याचे आभार माना.

१९. वहीतल्या पानावर तारीख घाला आणि कोपऱ्यात विषय लिहा: 'बंगाल', 'झाशी', 'तळेगाव'. हेच अवतरण सहा महिन्यांनी नव्या चित्रासकट, कदाचित आणखी दोन शब्द उडालेलं, परत येईल. तेव्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची नाही. नवा मेसेज जुन्या पानाशेजारी उतरवायचा, या खेपेला कुठली ओळ गेली तिथे लाल खूण करायची, आणि थेट सोळाव्या पायरीवर जायचं.